वाटणीत कोण राहिले?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



मंडळीच्या सेवाकार्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी नावे उभी राहतात. मिरजेचे मिशन हॉस्पिटल, केडगावचे मुक्ती मिशन, गावोगावच्या मिशन शाळा व वसतिगृहे. या कार्यांबद्दल आपण देवाचे उपकार मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मंडळीत मदतीची व्यवस्था प्रथम कशी बसविली गेली, याची हकीकत पवित्र शास्त्रात शोधू गेलो तर तिचा आरंभ कोणत्याही समारंभाने झालेला दिसत नाही. तिचा आरंभ एका कुरकुरीने झाला. काही विधवांना रोजच्या वाटणीत वगळले जात होते, आणि त्यांच्या लोकांनी ते उघड बोलून दाखविले.

लूकने ही गोष्ट झाकून ठेवली नाही. पेंटेकॉस्टचा दिवस नुकताच होऊन गेला होता. हजारो माणसे विश्वासात आली होती. लोक आपली शेते व घरे विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवीत होते. अशा जिवंत, आत्म्याने भरलेल्या मंडळीतही कोणाचे तरी ताट रिकामे राहत होते. यावरून एक गोष्ट आपण मनाशी धरू या. मंडळी दान किती करते हा एक प्रश्न आहे. त्या दानातून कोण सुटते हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वार्षिक अहवालात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी उठून घरोघर जावे लागते.

१. ज्या सुटल्या त्या कोण होत्या?

यरुशलेमेतील शिष्यांत दोन गट होते. एक इब्री, म्हणजे त्याच देशात वाढलेले व घरी अरामी बोलणारे. दुसरे हेल्लेणी, म्हणजे परदेशांत राहिलेले व ग्रीक बोलणारे यहूदी. दूरदेशी आयुष्य काढून पुष्कळ यहूदी उतारवयात पवित्र नगरीत येऊन राहत, असे शास्त्राचे अभ्यासक सांगतात. नवरा वारला म्हणजे त्या बाईचे तेथे कोणी नसे. भावकी नाही, माहेर नाही, आणि शेजारणीशी बोलावे तर भाषाही धड जुळत नाही.

अशा बायकांना कोणी मुद्दाम उपाशी ठेवले असे लूक म्हणत नाही. बहुधा घडले ते साधेच असावे. वाटप करणारे इब्री होते. त्यांना आपल्या आळीतल्या विधवा ठाऊक होत्या. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना न विचारता कळत होते. पण पलीकडच्या गल्लीतली ग्रीक बोलणारी म्हातारी त्यांच्या ओळखीची नव्हती, म्हणून ती यादीत आली नाही. मनात द्वेष नसतानाही माणूस उपाशी राहू शकते. त्याला ओळखणारे कोणी नसले म्हणजे पुरे.

हे दुःख समजावून घेण्यास आपणांस फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ्यांना ते घरचेच आहे. बेळगावकडील वृद्ध मराठी विधवेच्या हातात कानडी अर्ज पडतो. हैदराबादेत तेलुगू व उर्दू, बडोद्यास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी. कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहून आपले गाऱ्हाणे परक्या भाषेत मांडताना घशाला कशी कोरड पडते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. हेल्लेणी विधवांची कुरकुर आपण समजू शकत नसू, तर मग कोण समजेल?

परंतु हेच वचन उलट फिरून आपल्याकडेही पाहते. आपल्या उपासनेत मागच्या बाकावर एखादे कुटुंब येऊन बसते. कामासाठी परप्रांतातून आलेले असते. मराठी गीत त्यांना म्हणता येत नाही, उपदेश अर्धाच कळतो, तरी प्रभूच्या घरी यावे म्हणून येतात. उपासना संपताच आपण एकमेकांशी हस्तांदोलन करतो, लग्नकार्याच्या गोष्टी काढतो, आणि ते कुटुंब दारातून निघून जाते. सरकारी कचेरीत आपण हेल्लेणी असू, पण आपल्या मंडळीच्या आवारात आपण इब्री आहोत. यादी आपल्या हाती आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परकेपणा काही भाषेनेच येतो असे नाही. आडनाव कोणते, मूळ गाव कोणते, बाप्तिस्मा कोणत्या पिढीत झाला, मंडळीच्या पंचांशी सोयरीक आहे की नाही, यांवरूनही आपल्यात माणसे जवळची व लांबची ठरतात. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक जण भुकेला राही व दुसरा तृप्त होई, याबद्दल पौलाने किती कडक शब्दांत कान उघाडले ते १ करिंथकर ११ मध्ये वाचावे. प्रभूच्या मेजाशी वेगळी पंगत नाही. मग त्या मेजाशी गोळा केलेल्या गरीब फंडाच्या वाटणीत ती कोठून यावी?

२. प्रेषितांनी काय केले?

तक्रार कानी येताच प्रेषितांपुढे तीन सोप्या वाटा होत्या. असे काही घडलेच नाही, असे त्यांना म्हणता आले असते. कुरकुर करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असा उपदेश करता आला असता. किंवा दोन-चार विधवांना गुपचूप काही देऊन प्रकरण मिटविता आले असते. यांपैकी काहीच त्यांनी केले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलाविले, प्रश्न मंडळीपुढे ठेवला, आणि सात माणसे निवडण्यास सांगितले.

त्या सातांची पात्रता पाहा. चांगल्या नावलौकिकाचे, पवित्र आत्म्याने भरलेले व शहाणपणाने भरलेले. भाकर वाटण्यासाठी एवढी मोठी पात्रता कशाला? कारण ज्याच्या हाती भाकर असते त्याच्या हाती दुसऱ्याची लाजही असते. नावलौकिक नसेल तर लोकांचा पैशावर भरवसा बसत नाही. आत्मा नसेल तर देणारा हळूहळू उपकारकर्ता बनतो व घेणारा लाचार. शहाणपण नसेल तर जो मोठ्याने मागतो त्यालाच मिळते, आणि जी मान खाली घालून बसते ती तशीच घरी जाते.

निवडलेल्यांची नावे अशी : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. यहूदी देशातही काही जणांची ग्रीक नावे असत. बारा शिष्यांतील अंद्रिया व फिलिप्प ही त्याची उदाहरणे. म्हणून सातही जण हेल्लेणी होते असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. तरी सातांपैकी सातांची नावे ग्रीक असणे बोलके आहे. शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, तो अंत्युखियाहून आलेला मतानुसारी होता. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती मंडळीने वाटणी सोपविली असे दिसते. केवढा हा विश्वास! आपल्या पंचमंडळात मदतीची यादी कोण करतो, आणि ज्यांना मदत लागते त्यांच्यापैकी कोणी त्या बैठकीला असते काय, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

कित्येकांना वाटते की प्रेषितांनी वचनाची सेवा उच्च व भाकरीची सेवा हलकी ठरविली. पण मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटणीला जो शब्द आहे, तोच वचनाच्या सेवेलाही आहे : दियाकोनिया, म्हणजे सेवा. एक सेवा मेजाची, एक सेवा वचनाची. काम वाटून घेतले, मोल वेगळे केले नाही. पुढे पाहा, भाकर वाटण्यास निवडलेला स्तेफन वचनासाठी रक्त सांडतो, आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता गाजवितो व कूशी देशाच्या अधिकाऱ्याला रथात बसून शास्त्र उलगडून सांगतो. आणि सातव्या वचनात लूक काय नोंदवितो? देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला व शिष्यांची संख्या फार वाढली. विधवांची ताटे भरली आणि वचन वाढले, या दोन गोष्टी त्याने एकापुढे एक ठेवल्या आहेत.

३. मंडळीने हा धडा कसा गिरविला?

इ. स. ३६२ मध्ये रोमी बादशहा ज्युलियन याने गलतियाच्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला एक पत्र लिहिले. तो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला, मंडळीचा विरोधक. त्या पत्रात त्याने खंत व्यक्त केली की हे गालीली लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आम्हाला लाज आणतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे. तोवर मंडळीची यादी आपल्या अंगणाबाहेर गेली होती. गलतीकर ६:१० मध्ये पौलाने सांगितल्याप्रमाणे विश्वासाच्या घराण्याचे तर बरे करावेच, पण सर्वांचे करावे.

आता आपल्या भाषेतले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले ते मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि ज्यांना कोणीच विचारीत नव्हते अशा सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेत छप्पनियाचा काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या. बडोद्याकडील वाचकांनी छप्पनियाचे नाव आजी-आजोबांच्या पिढीकडून ऐकले असेल. केडगावच्या मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या हजारावर गेली.

येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की प्रत्येक वेळी रमाबाईंनी पाहिले, अजून कोण राहिले? फसविल्या गेलेल्या व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. आंधळ्या मुलींसाठी बर्तीमी सदन झाले. यरीहोच्या वाटेवर हाक मारणाऱ्या आंधळ्याचे नाव त्याला दिले. तेथे त्या मुली ब्रेल लिपी शिकल्या. मुक्तीत शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि ती कामे स्त्रियाच करीत. घेणारीचे हात देणारीचे झाले. आणि शेवटी रमाबाईंनी वचनाच्या वाटणीचाही विचार केला. साध्यासुध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली ते संपवून त्या प्रभूकडे गेल्या. मेजाची सेवा आणि वचनाची सेवा एका बाईच्या आयुष्यात कशी एकत्र नांदली ते पाहा.

दुसरे उदाहरण हैदराबाद संस्थानातले. त्या काळी दवाखान्याच्या दारातूनही ज्याला परत पाठवीत तो म्हणजे कुष्ठरोगी. डॉ. इझाबेल कर व त्यांचे पती जॉर्ज कर यांनी १९१५ साली निजामाबादजवळ डिचपल्ली येथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले. त्याच्या उभारणीत राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांच्या देणगीचा मोठा वाटा होता. चांगल्या कामाला देव कोणाच्याही हाताने साहाय्य करवितो, आणि ते नम्रपणे स्वीकारणे हेही मंडळीने शिकावे. आज कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या कायद्याने काढून टाकले आहे. औषध आले, कायदा बदलला. परंतु बऱ्या झालेल्या माणसाच्या शेजारी बाकावर बसणे हे कायद्याने होत नाही. ते मंडळीलाच करावे लागते.

४. आजची रिकामी ताटे

आता आपल्या काळाकडे येऊ. कापणीच्या सणाला आपण धान्य, भाज्या, कोंबडी, अंडी आणून वेदीपुढे ठेवतो. नाताळात महिला मंडळ साड्या व पाच किलो तांदूळ वाटते. हे चालू राहावे. परंतु गरज कोठे आहे ते डोळे उघडून पाहावे. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी केंद्र सरकारने पात्र कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देण्याचे ठरविले आहे. म्हणजे ज्याच्या हाती कार्ड आहे त्याला तांदूळ मिळतो. ज्याच्या हाती नाही त्याला नाही. धुणीभांडी करून जिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा अंगठा यंत्र ओळखीत नाही. सुनेने वेगळे काढले, पण नाव जुन्याच कार्डावर आहे. नवरा दुसऱ्या राज्यात वारला, दाखला तिकडेच राहिला. या बाईला नाताळची साडी देऊन आपण समाधानाने घरी जावे काय? तिला हवा आहे एक शिकलेला तरुण, जो तिच्याबरोबर दोनदा, तीनदा, गरज पडल्यास सहा वेळा कचेरीत जाईल.

तसेच आजारपणाचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचाराची सोय झाली आहे. आपल्या मंडळीत सत्तरीच्या पुढे किती जण आहेत? त्यांतील कितींची कार्डे काढून झाली? कर्नाटकात संध्या सुरक्षा योजना आहे, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. हे सारे आहे, पण अर्ज कोण भरणार? आजच्या सातांचे काम पुष्कळदा भाकर वाटण्याचे नसून, ठेवलेल्या भाकरीपर्यंत माणसाला हाताला धरून नेण्याचे असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हे सर्वांना दिसले. जे रस्त्याने शेकडो मैल चालत निघाले, त्यांची नावे ते जेथे राबत होते तेथल्या यादीत नव्हती. ते हेल्लेणी होते.

५. मंडळीने काय करावे?

पहिले, यादी करावी. १ तीमथ्य ५ मध्ये विधवांची रीतसर यादी आहे, नियम आहेत. ज्यांची मुले-नातवंडे आहेत त्यांनी आधी आपल्या घरच्यांस सांभाळावे, असेही तेथे सांगितले आहे. आईला वाऱ्यावर सोडून मुलगा मंडळीत गीत गाऊ लागला तर पाळकांनी त्याच्याशी एकांतात बोलावे. हीही मंडळीची सेवाच आहे. यादी मंडळीच्या नोंदवहीवरून न करता घरोघर जाऊन करावी. प्रत्येक घरी एकच विचारावे, आपल्या ओळखीचे असे कोण आहे की ज्याच्याकडे कोणी जात नाही?

दुसरे, सात माणसे निवडावी. लहान मंडळी असेल तर तीनही चालतील. त्यांत स्त्रिया असाव्यात, तरुण असावेत, आणि ज्याने स्वतः कधी मदत घेतली आहे असा एक तरी असावा.

तिसरे, हिशेब उघडा असावा व मदत झाकलेली असावी. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. २ करिंथकर ८ मध्ये ते वाचावे. पैशाची पै न् पै मंडळीला दिसावी. परंतु घेणाऱ्याचा चेहरा जगाला दिसू नये. पिशवी हाती देताना काढलेला फोटो त्या बाईच्या नातवाच्या वर्गमित्रांपर्यंत पोहोचतो, हे विसरू नये. डाव्या हाताला कळू न देण्याचा प्रभूचा नियम मोबाईललाही लागू आहे.

चौथे, मदतीला अट बांधू नये. उपासनेला या मग तांदूळ देऊ, असे प्रभूने पाच हजारांना म्हटले नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत एकच आला, तरी नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. आपली साक्ष आपल्या वागण्याने द्यावी. ती भाकरीच्या किमतीला विकू नये.

कोणी म्हणेल, आमचीच मंडळी गरीब आहे, आम्ही काय देणार? मासेदोनियाच्या मंडळ्या अति दारिद्र्यात होत्या, आणि तरी देण्यात पुढे होत्या, असे पौल म्हणतो. शिवाय ज्या सेवेविषयी आपण बोललो तिला पैशापेक्षा पाय जास्त लागतात. बेळगावच्या आजीला कानडी अर्ज वाचून दाखविण्यास काय खर्च आहे? मागच्या बाकावरच्या कुटुंबाला त्यांच्या भाषेत नाव विचारण्यास कोणता फंड लागतो?

याकोब म्हणतो त्याप्रमाणे उघड्या व उपाशी माणसाला गोड शब्द बोलून रिकामे परत पाठविले तर त्याचा काही लाभ नाही, आणि तसला विश्वास निर्जीव आहे. मत्तय २५ मध्ये राजा न्यायासनावर बसतो तेव्हा उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच प्रश्न विचारतात, प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले? दोघांनाही त्याची ओळख पटली नव्हती. फरक एवढाच की काहींनी अनोळखी माणसाला ताट वाढले, काहींनी वाढले नाही. ज्याचे नाव आपल्या यादीत राहून गेले, तोच राजा असेल तर?

येत्या रविवारी उपासनेला जाताना मंडळीत कोण आले यासोबत कोण आले नाही हेही पाहू या, आणि दुपारी त्याच्या घरी जाऊ या. ज्या प्रभूने आपणांस परके असता जवळ आणिले, तो आपले पाय त्या दाराकडे वळवो, व हातांना देण्याचा आनंद शिकवो. आमेन.

रविवारच्या शाळेसाठी प्रश्न

१. हेल्लेणी विधवा वाटणीत का सुटल्या असाव्यात?
२. सात जणांत कोणते तीन गुण पाहिले गेले? प्रत्येक गुण का हवा?
३. आपल्या वर्गात नेहमी एकटे बसणारे कोणी आहे काय? या आठवड्यात त्याच्यासाठी आपण काय करू?